दर तिसऱ्या बॅचला झोन गायब होतो? अमोनिया वाढतोय की घटतोय ते आधी बघा

लक्षण आधी सांगते. स्ट्रेप्टोमायसिस या प्रतिजैविक बनवणाऱ्या मातीतल्या जिवाणूचं कल्चर, नायट्रोजनसाठी माध्यमात फक्त व्हॅलीन हे अमिनो आम्ल, फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या शेकरवर चार दिवस. पहिल्या बॅचच्या गाळलेल्या द्रवाला बॅसिलस सबटिलिस या चाचणीच्या जिवाणूच्या प्लेटवर १८-२० मिलिमीटरचा झोन, म्हणजे प्रतिजैविकामुळे वाढ न झालेलं रिकामं वर्तुळ. दुसऱ्या बॅचला तेवढाच. तिसऱ्याला काही नाही. वाढ मात्र झकास, उलट नेहमीपेक्षा दाटच. चौथ्या-पाचव्याला झोन परत हजर आणि सहावी बॅच पुन्हा कोरी.

आमच्या सोलापुरातल्या प्रयोगशाळेत हा खेळ दीड वर्ष चालला. एमएस्सीच्या दोन तुकड्यांचे प्रोजेक्ट त्यात अडकले. गंमत म्हणजे ‘दर तिसरी’ हा हिशेब आमच्यापैकी कोणाच्या आधी लक्षात आला असेल, तर काचसामान धुणाऱ्या मामांच्या. “मॅडम, मागल्या टायमाला पण असंच झालतं की. दोन सोडून तिसरा. आपल्या नळाच्या पाण्यागत झालंय बघा, आलं तर आलं.” आम्ही हसलो आणि विसरलो. तेव्हाच वही उघडून तारखा बघितल्या असत्या तर वर्ष वाचलं असतं.

कल्चर मंगळवेढ्याच्या बाजूच्या ज्वारीच्या काळ्या रानातलं. वळवाच्या पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो मुख्यतः याच जातकुळीतल्या जिवाणूंच्या जिओस्मिनचा, आणि आमचं कल्चरही प्लेट उघडली की तोच वास देतं. प्रतिजैविक कोणतं ते अजून पक्कं केलेलं नाही. इथिल ॲसिटेट या द्रावकात उतरतं, बॅसिलसला मारतं, ई. कोलायला काही करत नाही. टायलोसिन-स्पायरामायसिनच्या घरातलं मॅक्रोलाइड, म्हणजे मोठ्या कडीच्या रेणूचं प्रतिजैविक, असावं असा आमचा अंदाज, आणि म्हणूनच व्हॅलीनवर वाढवायचं ठरवलं होतं.

आधी कोणावर संशय घेतला

सोलापुरात काहीही बिघडलं की पहिला आळ पाण्यावर. पाणी जड आहे हे खरं. पोरांनी इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर कॅनने आणलं, त्यात दोन बॅच लावल्या, दोन्ही चांगल्या आल्या. झालं, पाणीच दोषी म्हणून जाहीर. तिसरी त्याच पाण्यात लावली आणि झोन गेला.

मग उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, शेकरच्या खोलीत एसी नाही. पण डिसेंबरमध्येही तिसरी बॅच बिघडलीच. लाइट गेल्यावर शेकर थांबतो हा मुद्दा मात्र मी सोडून देणार नाही. या जिवाणूला सतत हवा लागते, शेकर दोन-तीन तास बंद राहिला तर फरक पडणारच. फक्त तो फरक दर तिसऱ्यांदाच पडायला वीज मंडळाने आमची वही वाचायला हवी.

तिसरा संशय जास्त वजनाचा होता: कल्चर खराब झालं. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र गोल नसून सरळ रेषेसारखं असतं आणि त्याची टोकं अस्थिर असतात. पुन्हापुन्हा उपसंवर्धन केलं की टोकाकडचे मोठाले तुकडे गळतात. वसाहती टकल्या दिसू लागतात, त्यांच्यावर ती पांढरी-करडी बीजाणूंची साय धरत नाही, आणि कधीकधी प्रतिजैविकही जातं. पण गेलेलं डीएनए परत येत नसतं. आमचा झोन मात्र चौथ्या बॅचला परत येत होता, त्याच स्लँटवरून, म्हणजे तिरक्या आगरच्या नळीतल्या जपलेल्या कल्चरवरून. एवढ्या एका गोष्टीने हा संशय मोडायला हवा होता. तरी आम्ही २० टक्के ग्लिसरॉलमधला जुना बीजाणूसाठा काढून सगळं नव्याने सुरू केलं. ते करणं वाईट नाही, वर्षातून एकदा करावंच. आमचं दुखणं ते नव्हतं, इतकंच.

व्हॅलीन तोडणारी जनुकं: थोडक्यात, पण हे वाचाच

व्हॅलीन पेशीत गेलं की व्हॅलीन डिहायड्रोजनेज हे एन्झाइम त्याचा अमिनो गट काढून टाकतं. सुटतो तो अमोनिया, त्यावर पेशीची नायट्रोजनची गरज भागते. उरलेल्या सांगाड्याला कीटोआयसोव्हॅलेरेट म्हणतात. बीकेडी नावाच्या जनुकांपासून बनणारं दुसरं मोठं एन्झाइम-संकुल त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून आयसोब्युटिरिल को-ए बनवतं. पुढे त्यापासून मिथाइलमॅलोनिल को-ए तयार होतं, आणि मॅक्रोलाइडच्या कडीला लागणाऱ्या विटांपैकी ही एक मोठी वीट. थोडक्यात, पेशी अमोनियासाठी व्हॅलीन फोडते आणि विटा आयत्या मिळतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हचिन्सन यांच्या संशोधक गटाने १९९३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलरच्या व्हॅलीन डिहायड्रोजनेजच्या जनुकाचा, म्हणजे व्हीडीएचचा, क्रम आणि त्याचं चालू-बंद होणं मांडलं. पुढच्याच वर्षी टायलोसिन बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस फ्रेडिए आणि स्पायरामायसिन बनवणारा स्ट्रेप्टोमायसिस अँबोफेसियन्स या दोघांमध्ये ते जनुक मोडून दाखवलं. व्हॅलीन असलेल्या साध्या माध्यमात दोघांचंही उत्पादन कित्येक पटींनी पडलं. ॲव्हरमेक्टिन या जंतनाशकाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्याच्या ‘अ’ प्रकारातल्या सुरुवातीच्या विटेचा उगम आयसोल्युसिनमध्ये, ‘ब’ प्रकारातलीचा व्हॅलीनमध्ये. ते बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस ॲव्हरमिटिलिसमध्ये बीकेडीचा एक भाग निकामी केला की नैसर्गिक ॲव्हरमेक्टिन बनतच नाही, आणि मग बाहेरून दुसरं आम्ल देऊन त्या जागी वेगळी वीट बसवता येते. जनावरांना टोचतात ते डोरामेक्टिन याच युक्तीतून आलं.

आता आमच्या दुखण्याशी संबंध असलेली गोष्ट. व्हीडीएच हे जनुक व्हॅलीन दिसलं की जागं होतं, पण समोर अमोनियम (अमोनियाचं पाण्यात विरघळलेलं रूप) किंवा ग्लुकोज असेल तर दबून राहतं. यात नवल काही नाही. ताटात वाढलेली भाकरी असताना जात्यावर दळायला कोण बसतंय? आम्ही ग्लुकोज टाळून स्टार्च घातलं होतं ते यासाठीच. अमोनियमही टाळलं होतं. निदान आमची तशी समजूत होती.

दोन चाचण्या, दोन्ही फसल्या

एका विद्यार्थिनीने व्हीडीएचसाठी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणारी चाचणी, लावली, बिघडलेल्या बॅचमध्ये जनुक शिल्लक आहे का ते बघायला. पहिले चार वेळा पट्टाच आला नाही. या जिवाणूंच्या डीएनएमध्ये जी आणि सीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर असतं, दोन धागे सहजी सुटत नाहीत. धागे सुटायला मदत करणारं डीएमएसओ ५ टक्के घातलं, सुरुवातीचं तापमान ९८ केलं, पट्टा आला. चांगल्या बॅचमध्येही आला, वाईटमध्येही आला. म्हणजे जनुक जागेवर आहे. ते चालू आहे की बंद, हे पीसीआर सांगत नाही. घरात बल्ब आहे म्हणून उजेड आहे असं होत नाही. पण आम्ही दोन आठवडे त्या पट्ट्यावर खूश होतो.

मग एन्झाइमच मोजायचं ठरलं. पेशी फोडायच्या, व्हॅलीन आणि एन्झाइमला जोडीला लागणारं एनएडी घालायचं, आणि त्यापासून बनणारं एनएडीएच ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाढताना बघायचं. दोन्ही बॅचमध्ये शून्य. एन्झाइम कुठेच नाही, मग चांगल्या बॅचमध्ये जिवाणू काय व्हॅलीनकडे बघून वाढले का? चूक बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर धरणाऱ्या द्रावणात, होती. आम्ही पीएच ७.५ घेतला होता. हे एन्झाइम अमिनो गट काढण्याच्या दिशेने नीट चालतं ते पीएच १० च्या आसपास. ग्लायसिन-सोडियम हायड्रॉक्साइडचा बफर केला आणि चांगल्या बॅचमध्ये रेघ सरळ वर चढली. वाईट बॅचमध्ये जेमतेम हलली. व्हॅलीन न घातलेली एक नळी सोबत ठेवा, नाहीतर पेशींच्या रसातली इतर एन्झाइम्स तुमची दिशाभूल करतील.

म्हणजे जनुक आहे, एन्झाइम नाही. कोणीतरी त्याला गप्प बसवतंय. कोण, ते तरीही कळेना.

गड्ड्याच्या सुट्टीतला फ्लास्क

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा, आमची गड्ड्याची सुट्टी. त्याच आठवड्यात एक तिसरी बॅच चौथ्या दिवशी नेहमीप्रमाणे कोरी निघाली. पोरांनी वैतागून फ्लास्क ऑटोक्लेव्हकडे नेले, पण एक शेकरच्या मागच्या क्लँपमध्ये राहून गेला. सुट्टी संपवून आलो तेव्हा तो फिरतच होता. फेकायच्या आधी, नुसत्या उत्सुकतेने, त्याचा थेंब प्लेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी १७ मिलिमीटरचा झोन.

हा झोन बघितल्यावर मला आमचाच राग आला. बॅच बिघडली नव्हती, तिला उशीर झाला होता. आणि उशिराचा एकच सरळ अर्थ: काहीतरी आधी संपायला हवं होतं. चौथ्या दिवशी कात्री लावून आम्ही दर वेळी मध्यांतरातच उठून जात होतो.

नेसलर: काय बघायचं आणि काय नाही

पुढच्या बॅचपासून दर चोवीस तासांनी दोन मिलिलिटर काढून गाळलं, पन्नास पट पातळ केलं आणि नेसलर हे अमोनिया ओळखणारं अभिकर्मक घातलं. पातळ करायला नळाचं पाणी चालत नाही, पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने द्रव गढूळ होतो. माध्यमात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घालत असाल तर आधी थोडं सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट घाला. जिवाणू न घातलेल्या माध्यमाची एक नळी शेजारी हवीच.

इथे एक फसवी जागा आहे, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. नेसलरचा पिवळा-तपकिरी रंग म्हणजे अमोनिया आहे, एवढंच. व्हॅलीन तुटलं तरी अमोनिया येणार, आणि व्हॅलीन तुटू नये म्हणून अडवणाराही अमोनियाच. रंग तोच, अर्थ नेमका उलटा. बहात्तराव्या तासाची एकच नळी हातात घेऊन कोणी सांगितलं की ‘अमोनिया भरपूर आहे’, तर त्यावरून काहीही ठरत नाही. शून्य तासापासूनची रांग लावावी लागते.

चांगल्या बॅचची रांग अशी होती: सुरुवातीला जवळजवळ पाणी, ४८ तासांना फिकट पिवळी, ७२ ला गडद. पीएच ७.० वरून ७.८ कडे. तिसऱ्या बॅचची रांग आरशात बघितल्यासारखी उलटी: शून्य तासालाच गडद तपकिरी, मग रोज थोडी फिकी, आणि पीएच खाली, चौथ्या दिवशी ५.९. अमोनियम पेशीत जाताना बाहेर आम्लता सोडून जातं, त्यामुळे नेसलर नसेल तर नुसत्या पीएचच्या पट्टीनेही निम्मा निकाल लागतो. पीएच चढतोय म्हणजे व्हॅलीन फुटतंय, उतरतोय म्हणजे बहुतेक अमोनियम खाल्लं जातंय. बफर भक्कम असेल तर मात्र पट्टी काही बोलणार नाही.

पण शून्य तासाला अमोनियम आलं कुठून? माध्यमात तर ते घालतच नाही.

दोन बाटल्या

उत्तर लाजिरवाणं आहे. माध्यमासाठी क्षारांचं दसपट द्रावण आम्ही २५० मिलिलिटर करून ठेवायचो. एका बॅचला दहा फ्लास्क, प्रत्येकी १०० मिलिलिटर, म्हणजे एक लिटर माध्यम आणि त्याला १०० मिलिलिटर द्रावण. दोन बॅचमध्ये २०० संपलं. तिसऱ्या वेळी बाटलीत ५०. राहिलेले ५० पोरं शेजारच्या बाटलीतून घ्यायची. तिच्यावरही ‘क्षार १० पट’ असंच लिहिलेलं, तेच निळं झाकण. ती बाटली बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची, आणि तिच्यात लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट.

हिशेब करा. ५० मिलिलिटरमधून एक ग्रॅम अमोनियम सल्फेट एका लिटरमध्ये गेलं, म्हणजे साधारण १५ मिलिमोलर अमोनियम. आमचं व्हॅलीन लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १७ मिलिमोलर. जवळपास बरोबरीने अमोनियम वाढून ठेवलं होतं आम्ही त्याच्यापुढे! वाढ दाट का होती तेही उलगडलं, नायट्रोजन दुप्पट होता. तिसऱ्यानंतर बाटली रिकामी, नवीन द्रावण, पुन्हा दोन बॅच चांगल्या.

मी पोरांना रागावले नाही. लेबल माझ्याच अक्षरातलं होतं.

तरीही खात्री केली, कारण एकदा पाण्याच्या बाबतीत हात पोळले होते. चांगल्या माध्यमात मुद्दाम एक ग्रॅम अमोनियम सल्फेट घातलं: चौथ्या दिवशी झोन नाही. दुसऱ्यात तेवढ्याच सल्फेटचा सोडियम सल्फेट: झोन आहे. म्हणजे सल्फेट निर्दोष. आणि बिघडलेल्या बॅचच्या पेशी दोन वेळा धुऊन, अमोनियम नसलेल्या व्हॅलीनच्या ताज्या माध्यमात सोडल्या: दोन दिवसांत झोन.

तुमच्याकडे बाटलीचा घोळ नसेल तर

अमोनियम यायला इतर वाटा आहेत. इनॉक्युलम, म्हणजे माध्यमात पेरायचं जिवाणूंचं बी, सगळ्यात चोरटं. बी वाढवायच्या माध्यमात अमोनियम सल्फेट किंवा भरपूर ग्लुकोज असेल आणि तुम्ही १० टक्के तसंच ओतत असाल, तर न वापरलेलं सगळं सोबत येतं. सेंट्रिफ्यूज करून सलाइनने दोनदा धुवा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट चिमूटभरच घाला, जमलं तर नकोच.

शून्य तासाला अमोनिया नाही, ग्लुकोज नाही, आणि तरी झोन येत नाही, असं असेल तर वाट नेमकी कुठे तुंबली ते शोधायला तीन फ्लास्क लावा. एकात व्हॅलीन, दुसऱ्यात कीटोआयसोव्हॅलेरेट, तिसऱ्यात सोडियम आयसोब्युटिरेट. या परीक्षेत तिन्हींना नायट्रोजन सारखाच हवा, म्हणून थोडं अमोनियम मुद्दाम ठेवा. कीटोआयसोव्हॅलेरेटने झोन परत आला तर अडथळा व्हॅलीन डिहायड्रोजनेजपाशी. त्याने नाही पण आयसोब्युटिरेटने आला तर बीकेडीपाशी. तिन्हींनी नाही आला तर व्हॅलीनला दोष देणं सोडा, फॉस्फेट बघा, किंवा तुमचं प्रतिजैविक या विटांचं नसेलच. आयसोब्युटिरेटची बाटली उघडण्याआधी शेजारच्या खोलीत सांगून ठेवा. खवट लोण्याचा वास दोन दिवस जात नाही आणि लोक गटार तुंबलं म्हणून तक्रार करतात.

एक उलटी चूकही होते, झोन खोटा असण्याची. अमिनो आम्लावर वाढलेल्या कल्चरचा द्रव अल्कलीकडे झुकतो. पीएच ८.५ च्या वर गेला असेल तर नुसत्या त्या अल्कलीनेही बॅसिलसची वाढ थोडी मागे हटू शकते. जिवाणू न घातलेलं माध्यम अमोनियाने त्याच पीएचला आणून प्लेटवरच्या शेजारच्या विहिरीत, म्हणजे आगरमध्ये पाडलेल्या भोकात, भरा, आणि तुमचा द्रव ७ ला आणून पुन्हा तपासा. आमचा १८ चा झोन ७ ला १७ झाला, तेवढं चालतं.

आता बीएस्सीची बाटली वेगळ्या कपाटात आहे, किल्ली मामांकडे. आमच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी आणि ‘अमोनियम नाही’ असं ठळक. साठा २५० ऐवजी ३०० मिलिलिटर करतो, म्हणजे तीन बॅच पुरत्या. नेसलरमध्ये पारा असतो. वापरलेल्या नळ्या बेसिनमध्ये ओतू नका, झाकणाच्या वेगळ्या बाटलीत साठवा आणि घातक कचऱ्याबरोबर द्या.